पिवळ्या अंगठ्याचा हातमोजा

१

फेब्रुवारीत शाळांना हिवाळी सुट्टी लागली की आमच्या फिनलंडात माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष गाडीच्या टपावर पेटारा बांधून उत्तरेकडच्या मोठ्या डोंगरांवर आठवडाभर जातो. दुसरा सकाळी निघतो आणि संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायला घरी परत येतो. मारित आणि तापिओ हे जोडपं दुसऱ्या पक्षातलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी यांची लोक्कामाकीच्या टेकडीपर्यंत.

लोक्कामाकीला डोंगर म्हणणं म्हणजे तळ्याला समुद्र म्हणणं. माथ्यावर उभं राहून खालच्या माणसाला कॉफी हवी का विचारलं, तर उत्तर ऐकू येतं. एक लिफ्ट, एक जरासा तिरका उतार, आणि नवशिक्या पोरांसाठी घसरगुंडीएवढा आणखी एक. त्याच्या कडेनं रबराचा पट्टा सरकत असतो आणि पोरांना हळूहळू वर नेतो. त्याला सगळे जादूचा गालिचा म्हणतात. इथं हाड मोडायचं तर मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील, असं तापिओ म्हणायचा. थोरल्या मुलाला, ओइवाला, त्यानं इथंच स्की करायला शिकवलं होतं. सहा वर्षांच्या सायमीची ही पहिलीच खेप.

या दिवसाची हौस जास्त मारितला होती. ती औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. शरद ऋतूपासून तिला संध्याकाळची पाळी लागली होती. ती घरी पोहोचायची तेव्हा सायमी झोपलेली असायची, आणि सकाळी पोरीला बालवाडीत सोडायचं काम तापिओकडे. मध्यंतरी एकदा जेवताना सायमीनं एक गाणं म्हटलं. बाप आणि भाऊ दोघांनाही ते पाठ होतं. मारितनं ते कधी ऐकलंच नव्हतं. ती तेव्हा हसली, पण ते तिला लागलं, चांगलंच लागलं. म्हणून आजचा सबंध दिवस सायमीचा, असं तिनं ठरवलं होतं.

तिनं पोरीला स्वतः सजवलं. निळा अंगभर सूट, केशरी गळपट्टा, लोकरीचे मोजे, आणि सासूबाईंनी विणलेले राखी हातमोजे. विणताना राखी लोकर संपली म्हणून सासूबाईंनी एका हातमोज्याचा अंगठा पिवळ्या लोकरीत उरकला होता. प्रत्येक कपड्याच्या आत मारितनं स्वतः नावाची पट्टी शिवलेली. बालवाडीत चाळीस पोरांचे कपडे एका खोलीत वाळतात, तिथं याला पर्याय नाही.

गालिच्यावरून तिसऱ्यांदा वर जाताना तिला कडेच्या बर्फात एक हातमोजा पडलेला दिसला. राखी. अंगठा पिवळा.

"सायमे, हातमोजा पाडलास बघ."

पुढे उभ्या असलेल्या सायमीनं मागे वळून दोन्ही हात वर केले. दोन्ही हातांत हातमोजे होते. एकाचा अंगठा पिवळा होता.

२

आमच्याकडे बर्फात सापडलेली वस्तू कुणी घरी नेत नाही, आणि कुणाची म्हणून ओरडूनही विचारत नाही. उचलायची, झटकायची, जवळच्या फांदीवर नाहीतर बर्फात रोवलेल्या काठीवर नजरेच्या उंचीला टांगायची आणि पुढे जायचं. मालक मागे फिरतो, आपलं घेतो. कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत. आपण बरं आपलं काम बरं, या वृत्तीच्या लोकांना याहून मोठी सोय कोणती?

मारितनंही हातमोजा उचलला तो टांगण्यासाठीच. पण दिवसभर औषधांच्या पाकिटांवरची नावं ताडून पाहणारी बाई ती. तिचा अंगठा आपोआप आत गेला आणि काठ उलटला. आत पट्टी होती. पट्टीवर सायमीचं नाव होतं, तिच्याच हातचं, कोपऱ्यात शाई फुटलेलं.

ती उताराच्या माथ्यावर उभी राहिली. खाली ओइवा आपल्या बहिणीला गुडघे वाकवायला सांगत होता आणि सायमी गुडघ्यांऐवजी मान वाकवत होती. आजूबाजूला पोरं पडत होती, रडत होती, बिस्किटांवर समजूत काढून घेत होती. यात भिण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंनी दोन जोड केले असतील. एक बालवाडीत राहिला असेल, तिथल्या कुणाच्या पिशवीत आला असेल, ते कुटुंबही सुट्टीत इथं आलं असेल. मारितनं हे सगळं एका दमात जुळवलं.

तापिओ लिफ्टच्या रांगेत होता. तिनं त्याला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला की आईनं किती जोड केले ते आईलाही माहीत नसेल, ती टीव्ही बघत विणते. मग म्हणाला, "पोरीच्या हातात दोन आहेत ना? मग तिसरा कशाला मोजतेस?"

ते पटण्यासारखं होतं. आणि आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. मारितनं तो हातमोजा खिशात घातला नाही. नाव आपल्या पोरीचं, अक्षर आपलं, पण पोरीचे दोन्ही हात झाकलेले. मग हा उचलून नेणं तिला दुसऱ्याची वस्तू उचलल्यासारखं वाटलं. गालिच्याच्या कडेला खुणेसाठी बर्चच्या काठ्या रोवल्या होत्या. त्यातल्या एकीवर तिनं हातमोजा चढवला, नीट, बोटं वर करून, लांबून दिसेल असा.

पुढच्या खेपेला काठी रिकामी होती. बरं झालं, तिला वाटलं, ज्याचं त्याला मिळालं.

३

दुपारी ते शेकोटीच्या झोपडीत गेले. आमच्या प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी अशी एक सहाकोनी लाकडी झोपडी असते. मध्ये आग, भोवती बाकं, आणि ज्यानं त्यानं घरून आणलेली सॉसेजं ज्यानं त्यानं भाजायची. जाताना पुढच्यासाठी एक ओंडका आगीत टाकायचा. तापिओनं थर्मासमधून बेरीचा गरम रस ओतला. ओइवानं सॉसेज जाळलं आणि ते तसंच चांगलं लागतं असं सगळ्यांना ऐकवलं. सायमी गालिच्यावरून एकटी जायला शिकली होती आणि तिला खाण्यात वेळ घालवायचा नव्हता.

मारित लाकडं आणायला बाहेर गेली. झोपडीच्या मागं, जिथून स्प्रूसची झाडी सुरू होते, तिथं फांदीवर एक मोजा लटकत होता. पायातला. लोकरीचा, लहान मुलाचा.

तिला हसू यायला हवं होतं. हातमोजा पडतो, टोपी पडते, गळपट्टा पडतो. पण पायातला मोजा कसा पडेल? तो स्कीच्या बुटात असतो, आणि ते बूट काढताना बापाच्या तोंडून शिव्या निघतात. तिनं हात वर करून मोजा काढला. वर फांद्यांवर चार बोटं बर्फ साचलं होतं, हवेत श्वास गोठत होता, आणि मोजा आतून ऊबदार होता. नुकताच कुणीतरी पायातून काढावा तसा.

पट्टी तिनं बघितली नाही. बघायची गरज नव्हती; टाचेला तिनंच घातलेला रफू होता.

तिनं तो होता तिथंच टांगला. हात जरा घाईनं मागे घेतला, एवढंच. मग आत आली, सायमीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या बुटांचे चाप उघडायला लागली.

"आई, मला पाय दुखत नाहीयेत."

"बघू दे."

"मला परत जायचंय ना पण."

"जाशील गं. जरा बघू दे."

शेजारच्या बाकावरच्या माणसांनी नजर आगीकडे वळवली, कारण आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात डोकावायचं नसतं आणि हे घरच झालं. दोन्ही बूट निघाले. दोन्ही पायांत मोजे होते. टाचेचा रफू जागच्या जागी. मारितनं ती पावलं दोन्ही हातांत धरली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली. ती गार होती. बुटात पाय गार पडतातच.

तापिओ बघत होता. तो हळूच म्हणाला, "तुला झोप कमी पडतेय, मारित."

ती म्हणाली, "घरी जाऊ या का?" तेवढ्यात सायमीचा चेहरा असा पडला की तिचीच तिला लाज वाटली. इतक्या महिन्यांनी एक दिवस दिला आणि तोही मोज्यापायी परत घ्यायचा? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. ती म्हणाली की थट्टा केली, आणि बूट पुन्हा चढवले.

४

कॉफीच्या टपरीवर औने नावाची म्हातारी होती. टेकडी चालवणाऱ्या गावच्या मंडळींपैकी ती सगळ्यांत जुनी. मारितनं तिच्याकडे कॉफी मागितली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, इथं हरवलेल्या वस्तू कुठं ठेवतात.

औनेनं काउंटरखालून एक पुठ्ठ्याचं खोकं काढून दाखवलं. ते रिकामं होतं. तळाशी धूळ होती.

"काय हरवलं तुझं?"

"माझं नाही हरवलं काही. सापडलंय."

"मग टांग की काठीवर."

"टांगलं. कुणीतरी नेलं."

"मग झालं तर." औनेनं कप भरला, पुसला, पुढे सरकवला. जरा वेळानं, गिऱ्हाईक हललं नाही म्हणून, तिनं आणखी दोन-तीन वाक्यं खर्च केली. "इथं काही उरत नाही, पोरी. इतकी वर्षं झाली, बंद करताना चक्कर मारते, काठ्या रिकाम्याच असतात. लोक प्रामाणिक आहेत."

मारितनं विचारलं, नेताना कुणी दिसतं का?

औनेनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग शेगडीकडे वळून वेलदोड्याचे पाव उलटसुलट करू लागली. "बघत कोण बसतंय," ती म्हणाली.

५

त्यानंतर मारित बघत बसली. तिनं स्की काढून ठेवल्या आणि गालिच्याच्या पायथ्याशी उभी राहिली, सायमीवर एक डोळा आणि काठ्यांवर एक. सायमी वर जायची, खाली यायची, पोटावर पडायची, उठायची. तिचा केशरी गळपट्टा गर्दीत लांबूनही ओळखू यायचा. आता काही सापडलं तर टांगायचं नाही, सरळ घेऊन गाडीत टाकायचं, असं मारितनं मनाशी पक्कं केलं. तेवढं ठरवल्यावर तिला बरं वाटलं.

पण टांगणारी काही ती एकटी नव्हती. टेकडीवर पन्नास चांगली माणसं होती.

दिवस कलायला लागला होता, उतारावरचे दिवे लागायच्या बेतात होते. वर, जिथं गालिचा संपतो आणि झाडी अगदी जवळ येते, तिथं एक आजोबा वाकून काहीतरी उचलत होते. मोठं होतं ते. त्यांनी ते झटकलं. मग आजूबाजूला पाहिलं, स्कीच्या दोन काठ्या बर्फात फुलीसारख्या रोवल्या, आणि त्यांच्यावर ते घातलं. काळजीनं, बाह्या सरळ करून. निळा अंगभर सूट होता. लहान मुलाचा. दोन्ही हात पसरून तो झाडीकडे तोंड करून उभा राहिला.

मारितनं सायमीकडे पाहिलं. सायमी तिच्याजवळच होती, निळ्या सूटमध्ये, हेल्मेट सारखं करत.

"ओइवा, हिच्याजवळ थांब. इथून हलू नकोस," ती म्हणाली आणि पळत सुटली. स्कीशिवाय, गालिच्यावरून नाही, सरळ उतारावरून, घोटाभर बर्फात. लोक बाजूला झाले. कुणी विचारलं नाही, आमच्याकडे विचारत नाहीत. आजोबा तिला वाटेत भेटले आणि तिची घाई बघून त्यांना वाटलं की ती मालकीण.

"वर लावून ठेवलाय," ते म्हणाले. "कुणीतरी बिचारं कुडकुडत असेल."

ती वर पोहोचली तेव्हा दोन काठ्या होत्या. त्यांच्यावर काही नव्हतं. काठ्या अजून जराशा हलत होत्या. झाडीच्या कडेला, पहिल्या आणि दुसऱ्या स्प्रूसच्या मधे, बर्फात पावलं होती. ती झाडीतून आली होती आणि काठ्यांपाशी थांबली होती. काठ्यांपर्यंत पावलं अनवाणी होती. काठ्यांपासून पुढे बुटांची होती, आणि ती उताराकडे गेली होती, पन्नास पोरांनी चिवडलेल्या बर्फात.

ती मागे वळली आणि तिला खालचं दिसलं. ओइवा लिफ्टच्या रांगेत मित्राशी बोलत होता. सायमी पायथ्याशी एकटी उभी होती.

६

ती धावत खाली आली, सायमीचा हात धरला आणि कुणाचं काही ऐकून न घेता सांगितलं की आता निघायचं. तापिओनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. ओइवा पुटपुटला की दोनच मिनिटं तर गेलो होतो. सायमी काहीच बोलली नाही. मघाशी घरी जायच्या नावानं रडकुंडीला आलेली पोर, पण आता तिनं गुमान हेल्मेट काढून दिलं आणि मारितचा हात घट्ट धरून चालू लागली. मारितनं वाटेत दोनदा विचारलं, दमलीस का? सायमीनं दोन्ही वेळा मान हलवली. पोरं दमली की गप्प होतात. सगळीच होतात.

तापिओ मुलांना घेऊन गाडीकडे गेला. भाड्याच्या स्की आणि बूट परत करायचे राहिले होते, ते मारितनं घेतले, कारण तिला थोडं एकटं चालायचं होतं. आपण काय बघितलं ते कुणाला न सांगता आधी स्वतःला एकदा सांगून पाहायचं होतं. पावलं कुणाचीही असू शकतात. पैजेनं अनवाणी बर्फात जाणारी माणसं आपल्या देशात कमी नाहीत, सौनातून निघून बर्फात लोळणारी तर घरोघरी. मन चिंती ते वैरी न चिंती. ती हे म्हणत म्हणत गेली, सामान देऊन झालं, आणि परतताना गालिचा बंद पडलेला होता. टेकडी रिकामी झाली होती. दिवे लागले होते.

माथ्यावरच्या शेवटच्या दिव्याखाली एक बर्च आहे. त्या बर्चला मिठी मारून एक मूल उभं होतं.

निळा सूट. केशरी गळपट्टा. झाडाच्या सालीवर राखी हातमोजा, त्याचा अंगठा पिवळा. रानात हरवलं तर पळायचं नाही, एक झाड धरायचं आणि कुणी येईपर्यंत सोडायचं नाही, असं बालवाडीत शिकवतात. ते मूल अगदी तसंच उभं होतं, शिकवल्याबरहुकूम, गाल सालीला लावून, पाठ तिच्याकडे करून.

मारितनं हाक मारली नाही. ती उतार चढून त्या दिव्यापर्यंत गेली आणि तिनं फोन काढला. हातमोजा दातांनी ओढून काढावा लागला.

"सायमी आहे ना तिथं?"

"कुठं जाणार? बसवली मागं, बेल्ट लावला. पाव खातेय," तापिओ म्हणाला. मागून स्कीचे खडखड आवाज येत होते, तो टपावर काहीतरी बांधत होता. "तू ये लवकर, बोटं पडायला आलीत माझी."

"तिला दे फोन."

"अगं, दोन मिनिटांत येतेयस ना..."

"तापिओ, दे."

दार उघडल्याचा आवाज आला. कपड्यांची सळसळ. कुणीतरी फोन दोन्ही हातांत धरल्याचं तिला जाणवलं, लहान मुलं धरतात तसा, तोंडाच्या फार जवळ.

झाडाला धरून उभं असलेलं मूल म्हणालं, "आई, तू कधी येणार?"

मग फोनमध्ये सायमी म्हणाली, "आई, तू कधी येणार?"

आवाज एकच होता. तीच जराशी कुरकुर, शेवटच्या शब्दावर तोच हेल. पण आधी झाडाकडून आलं. फोनातलं मागून आलं.

७

आई ओळखते म्हणतात. कुठूनही, अंधारातसुद्धा, नुसत्या श्वासावरून ओळखते. मारितनं ते आयुष्यभर ऐकलं होतं आणि मानलंही होतं. आता ती त्या दिव्याखाली उभी होती, आणि तिला ओळखता येत नव्हतं. ही एवढी साधी आणि एवढी भयंकर गोष्ट होती. तिला सायमीनं जेवताना म्हटलेल्या त्या गाण्याची आठवण झाली, विचारावं असंही वाटलं, पण ते गाणं तिला स्वतःला येत नव्हतं.

मूल वळलं. सायमी होती. थंडीनं फुटलेला खालचा ओठ, नाकाखाली सुकलेला शेंबूड, रडून थकलेले डोळे. मग गळपट्टा तिनं नाकावर ओढून घेतला, त्यामुळे श्वासाची वाफ येते की नाही ते मारितला दिसलं नाही.

"तू इथं टाकून गेलीस मला," ती म्हणाली. रागानं नाही, नुसती.

उणे पंधरा अंश थंडीत कुठलंही मूल झाडाशी सोडून जाता येत नाही. कुणाचंही असो, काहीही असो. एवढाच विचार मारितला त्या वेळी नीट करता आला. हिला घेऊन गाडीशी जायचं. तिथं दुसरी असेल, तापिओ असेल, ओइवा असेल. सगळ्यांना दोघी दिसतील, आणि मग काय करायचं ते सगळे मिळून ठरवतील. तिला एकटीला काही निवडायचं नव्हतं. त्या विचारानं तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. तिनं हात पुढे केला आणि हातमोज्यातला लहान हात तिच्या हातात आला.

दोघी उतार उतरल्या. मूल तिच्या अर्धं पाऊल मागं चालत होतं. मारितनं बाजूला पाहिलं नाही, फक्त पुढे पाहिलं. गाडीचे मागचे दिवे लाल दिसत होते, आतला दिवाही चालू होता. तापिओ पुढच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. त्यानं वर पाहिलं, एकदा मारितकडे, एकदा तिच्या हातातल्या पोरीकडे, आणि हातातली खरवडणी खाली आणली.

"अगं, तू कधी उतरलीस?" तो सायमीला म्हणाला. "बेल्ट लावला होता ना मी?"

मारितनं सायमीचा हात सोडला आणि मागचं दार उघडलं. ओइवा कानांत गाणी घालून खिडकीला टेकला होता. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. बेल्ट लावलेला होता. रिकाम्या सीटवर आडवा, ताणून, चाप बसलेला. आईनं दंड धरून हलवलं तेव्हा ओइवानं कानातली गाणी काढली, शेजारी बघितलं आणि म्हणाला, "आत्ता होती की इथं."

मारित गाडीभोवती फिरली. खाली वाकून गाडीखाली पाहिलं. आणखी दोनचार गाड्या उरल्या होत्या, त्यांच्या मागे जाऊन पाहिलं. मग ती टेकडीकडे तोंड करून उभी राहिली. दिवे एकेक करून विझवले जात होते, खालून वर. शेवटचा, बर्चवरचा, अजून होता. त्याच्याखाली कुणी नव्हतं. त्याच्यापलीकडे झाडी होती आणि अंधार होता, आणि तिचं पोर त्यात असेल तर त्याच्या अंगावर काय होतं, काही होतं का, हे तिला ठाऊक नव्हतं.

"सायमी," तिनं हाक मारली. होता नव्हता तेवढा जीव घशात आणून मारली.

"काय?" तिच्या पाठीमागून सायमी म्हणाली.

तापिओ जवळ आला. त्यानं बायकोच्या खांद्यांवर हात ठेवला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, "ही इथं आहे, मारित. कुणाला हाका मारतेस?"

शेवटचा दिवा विझला. तापिओनं तिला हळूच वळवलं, दाराशी आणलं. सायमी तोवर स्वतःची स्वतः आत चढली होती. तिनं बेल्टचा चाप सोडवला, सीटवर पडलेला अर्धा पाव उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि आईपुढे धरला.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

मारितनं तो घेतला. चावलेल्या जागी तो अजून ओला होता.